कॉस्टिगनसाहेबांची हमी

सँट्री, डब्लिन
४ ऑगस्ट २०२३

ती. शिरीषकाकांस,
सा. न.

मिसेस डेलनी आज सकाळी गेल्या. आयसीयूच्या नर्स बर्नीने फोन करून सांगितलं. "तुला कळायला हवं असं वाटलं, लव्ह," म्हणाली आणि लगेच ठेवला.

त्यांच्याबद्दल मी तुम्हाला कधी लिहिलं नव्हतं. वय अडुसष्ट. हर्लिंगच्या, म्हणजे इथल्या हॉकीसारख्या खेळाच्या, फायनलच्या रविवारी दुपारी आल्या, फुफ्फुसात रक्ताची गुठळी होती. त्या दिवशी ड्यूटीवर मी होते. मुलगी ऑर्ला आईचा हात सोडत नव्हती. नंतर डोक्यात रक्तस्राव झाला आणि त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. असो. असं होतं.

आता वेगळं काहीतरी. गणपतीच्या अंकासाठी इथल्या मंडळाने माझ्याकडे लेख मागितलाय आणि मला एक विषय सुचलाय. आमचे कन्सल्टंट डॉ. कॉस्टिगन जुन्या वळणाचे आहेत. कोणी शंका काढली की म्हणतात, "आय विल गो बेल फॉर दॅट." म्हणजे त्याला मी जामीन. नाहीतर "आय विल स्टँड ओव्हर इट," म्हणजे निर्णयामागे मी उभा आहे. फार खुशीत असले तर थेट "आय वॉरंट यू!" माझ्यासोबत अमरावतीचा ज्युनियर डॉक्टर उपेंद्र असतो. तो त्यांची इतकी हुबेहूब नक्कल करतो की बर्नीलासुद्धा हसू आवरत नाही.

काका, जुन्या इंग्रजीत हे शब्द खरोखर काय होते? तुमचं आयुष्य कायद्यांची भाषांतरं करण्यात गेलं, म्हणून तुम्हाला विचारते. असं बोलणाऱ्यावर पुढे काही बंधन यायचं, की ती नुसती बोलायची पद्धत होती?

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून नाही, मलाच लिहायला बरं वाटतंय. प्रसन्न आणि रेवा ठीक आहेत. पद्मजाकाकूला नमस्कार.

तुमची
निशी


धरमपेठ, नागपूर
११ ऑगस्ट २०२३

चि. निशिगंधास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पेशंटबाईंचं वाचून वाईट वाटलं. डॉक्टरांना अशा गोष्टींची सवय होते म्हणतात. ते खरं नसावं, नाहीतर पत्राची सुरुवात तू त्यांच्यापासून केली नसतीस.

आता विषयाकडे. तुझी काकू म्हणते, "झालं! म्हाताऱ्याला कुरण मिळालं." मिळालंच आहे, तेव्हा चरू दे.

वॉरंट, वॉरंटी आणि गॅरंटी ही एकाच घरची भावंडं. मुळात अर्थ राखणं, सांभाळणं. आपल्या मिक्सरच्या खोक्यावर छापलेली वॉरंटी म्हणजे त्या घराण्याचा वाया गेलेला नातू. जुन्या खरेदीखतात विकणारा लिहायचा की मी आणि माझे वारस ही जमीन तुला आणि तुझ्या वारसांना सर्व माणसांविरुद्ध राखून देऊ. सर्व माणसांविरुद्ध! आम्ही खात्यात त्याचं भाषांतर "हमी" असं केलं आणि मोकळे झालो. मला ते तेव्हाही कोरडं वाटलं होतं.

पण त्याच्याही आधीची गोष्ट ऐक, लेखात घालण्यासारखी आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात तुझ्या गोठ्यातल्या गाईला कोणी म्हणालं की ही माझी, चोरीला गेलेली, तर तू काय करायचंस? चोर ठरायचं नसेल तर विकणाऱ्याचं नाव घ्यायचं आणि त्याला बोलावून आणायचं. त्याने सगळ्यांदेखत यायचं आणि म्हणायचं, हो, मी दिली, आता भांडण माझ्याशी. त्या क्षणी तू सुटलीस. मग त्याने त्याला विकणाऱ्याचं नाव घ्यावं, त्याने त्याच्या आधीच्याचं.

म्हणजे हमी हा कागद नव्हता, पोरी. हमी म्हणजे माणूस होता. वेळ आली की चालत येणारा.

आपल्याकडेही तेच. बेलभंडार उचलून शब्द दिला की माणूस बांधला गेला. "जामीन राहतो" म्हणतो आपण. राहायचं असतं, नुसतं म्हणायचं नसतं.

तुझे कॉस्टिगन मला आवडले. जिथे अजून माणसं असं बोलतात तिथे तू नोकरी करतेस, याचा मला आनंद आहे. लेखात त्यांचं नाव जरूर घाल.

काकूचे आशीर्वाद. रेवाला पापा.

शिरीषकाका


सँट्री
२९ ऑगस्ट २०२३

ती. काकांस,
सा. न.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. गाईची गोष्ट तर पाठच झाली.

दोन शंका आहेत. ज्याचं नाव घेतलं तो आलाच नाही तर? आणि विकताना त्याने दिलेला शब्द दुसऱ्या कोणी ऐकलाच नसेल तर?

लेख अजून झालेला नाही. कामाची गडबड आहे.

निशी


नागपूर
८ सप्टेंबर २०२३

चि. निशिगंधास,
अनेक आशीर्वाद.

शंकांची उत्तरं आधी देतो. तो आला नाही तर गाय गेली आणि घेणाराच चोर ठरला. म्हणून शहाण्या माणसाने सौदा साक्षीदारांसमोर करावा, असे त्या काळचे राजे पुन्हा पुन्हा बजावत. ज्याने एकांतात घेतली त्याचं कोणी ऐकत नसे.

आता माझी शंका. परवा काकूने रेवाला व्हिडिओवर विचारलं, "आई हॉस्पिटलात गेली का गं?" पोरगी म्हणाली, "नो, ममा इज ऑलवेज होम नाऊ." काकूने ते पाटीवर लिहून मला दाखवलं. (माझ्याशी बोलायला तिने हल्ली पाटी-पेन्सिल घेतली आहे. म्हणते, यात एक सुख आहे, भांडण पुसता येतं.) मी म्हटलं, रजा असेल. काकू म्हणाली, रजेवर असलेली बाई कामाची गडबड आहे असं लिहीत नाही.

निशी, मी बहिरा आहे, आंधळा नाही. गणपतीच्या अंकासाठी असल्या शंका कोणी विचारत नाही.

ही गाय कोणाची?

शिरीषकाका


सँट्री
१५ ऑक्टोबर २०२३

ती. काकांस,

गाय माझी.

मिसेस डेलनींचं बीपी झपाट्याने पडत होतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर वाचण्याची शक्यता होती. मात्र तीन दिवसांपूर्वी त्या किचनमध्ये घसरल्या होत्या आणि प्रेसच्या, म्हणजे कपाटाच्या दाराला डोकं आपटलं होतं. डोक्याला मार लागलेल्या माणसाला ते इंजेक्शन सहसा देत नाहीत, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. दिलं नाही तर तासाभरात गेल्या असत्या. स्कॅनला हलवण्यासारखी अवस्था नव्हती. असा निर्णय माझ्यासारख्या रजिस्ट्रारने, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालच्या डॉक्टरने, एकटीने घ्यायचा नसतो, म्हणून मी डॉ. कॉस्टिगनना फोन लावला.

ते मॅचला होते. माझे हात गुंतलेले होते म्हणून फोन स्पीकरवर टाकला. शेजारी उपेंद्र होता. मागे गर्दीचा प्रचंड आवाज. त्या पडल्याचं मी सांगितलं, डोक्याचं सांगितलं. ते म्हणाले, "गो अहेड, यू आर ग्रँड. आय विल स्टँड ओव्हर इट." ग्रँड म्हणजे इथे सगळं ठीक.

मी इंजेक्शन दिलं. बीपी सुधारलं. संध्याकाळी डोक्यात रक्तस्राव झाला.

आता पुढचं ऐका, आणि रागावू नका. केसपेपरवर मी लिहिलं, "धोका लक्षात घेऊन निर्णय मी घेतला." त्यांचं नाव लिहिलं नाही. इथे प्रत्येक जण लिहितो, अमुक कन्सल्टंटशी बोललो, त्यांची संमती आहे. त्यात कोणाला काही वाटत नाही. पण माझा हात नागपूरच्या कॉलेजात तयार झालाय. तिथे यशाच्या ओळीत युनिट हेडचं नाव असायचं आणि जोखमीच्या ओळीत रेसिडेंटचं. अशा ठिकाणी सरांचं नाव घेणं म्हणजे सरांना गोत्यात आणणं. हे कोणी शिकवत नाही, अंगात मुरतं. त्या क्षणी मी विचारसुद्धा केला नाही. उलट आपण चांगलं वागलो असंच वाटलं.

ऑर्लाने मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली आहे. हॉस्पिटलने मला ऑगस्टपासून घरी बसवलंय. डॉ. कॉस्टिगननी लेखी दिलं की फोन आल्याचं आठवतं, अशी परवानगी दिल्याचं आठवत नाही, आणि नोंदीत आपलं नाव नाही. फोन झाल्याची नोंद कंपनीकडे आहे. काय बोललो याची कुठेच नाही.

सुनावणी होईल तेव्हा होईल. वर्ष-दीड वर्ष जाईल म्हणतात. रजिस्ट्रेशन गेलं तर इथेही डॉक्टर नाही आणि तिथेही तोंड दाखवायला जागा नाही.

प्रसन्न ग्रँड कॅनाल डॉकला ऑफिसला जातो, येतो, आणि मला काही विचारत नाही. त्याने विचारलं तर मी चिडते, नाही विचारलं तरी चिडते.

उपेंद्र आता टॅलाच्या हॉस्पिटलात गेलाय. त्याने ऐकलंय. तो सांगेल.

काका, तुम्ही काही करू नका. फक्त लिहीत जा.

निशी


नागपूर
२० जानेवारी २०२४

चि. निशिगंधास,
अनेक आशीर्वाद.

तुझं ऑक्टोबरचं पत्र आल्यापासून मी नुसतं गाईगुरांवर लिहीत राहिलो. तेवढंच करायला सांगितलं होतंस. पण माणसाला किती दिवस नुसतं लिहीत बसवेल?

म्हणून मी एक केलं. डिसेंबरात डॉ. कॉस्टिगनना पत्र पाठवलं. हॉस्पिटलचा पत्ता इंटरनेटवर आहे. तुझ्याकडे मुद्दाम विचारलं नाही, तू नको म्हणाली असतीस. पत्र सभ्य आहे, उगाच काळजी करू नकोस. एका वयस्क माणसाने दुसऱ्याला लिहावं तसं. मी लिहिलं की माझी पुतणी तुमच्याबद्दल नेहमी आदराने बोलते. आपण ज्या भाषेत "आय विल गो बेल" म्हणता, त्या भाषेत एके काळी हमी देणारा स्वतः चालत येत असे. त्याला बोलावून आणावं लागे हीसुद्धा त्याच्या घराण्याला कमीपणाची गोष्ट समजत. आपण न बोलावता याल, असा मला विश्वास वाटतो.

शेवटी लिहिलं की आपण आपला जबाब बदललात तर आमचं कुटुंब आपले उपकार विसरणार नाही.

काकू म्हणाली, "तिला न विचारता?" मी म्हटलं, घरातल्या मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही तर मोठं व्हायचं कशाला?

अजून उत्तर नाही. पण असा माणूस उत्तर देईल.

शिरीषकाका


सँट्री
६ मार्च २०२४

ती. काकांस,

उत्तर आलंय. तुम्हाला नाही, मला. त्यांच्या सॉलिसिटरकडून.

तुमचं पत्र आता सुनावणीच्या कागदपत्रांत आहे. डॉक्टरच्या नातेवाइकाने साक्षीदाराला गाठून जबाब बदलायला सांगितलं आणि मोबदल्यात उपकारांची भाषा केली, असा त्याचा अर्थ लावलाय. उपकार म्हणजे पैसे, असं ते धरून चालतात. माझी सॉलिसिटर इतकी शांत बाई आहे, पण वाचून तिने चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. "तुला हे माहीत होतं?" मी नाही म्हटलं. "आय बिलीव्ह यू," म्हणाली. सुनावणी घेणाऱ्यांचाही विश्वास बसेलच, असं ती म्हणाली नाही.

दुसरं. मी उपेंद्रकडे टॅलाला जाऊन आले. त्याच्या बायकोने पोहे केले होते.

"ताई, स्पीकरवर होता हे खरं," तो म्हणाला. "पण मॅचचा कल्ला केवढा होता! ते काय म्हणाले ते मला स्पष्ट ऐकू आलं असं मी शपथेवर कसं सांगू?"

"तू त्याच संध्याकाळी त्यांची नक्कल केली होतीस, उपेंद्र. 'आय विल स्टँड ओव्हर इट.' बर्नी हसली होती."

"नक्कल तर मी रोजच करायचो ना."

पुढच्या ट्रेनिंगच्या जागेसाठी त्याचा अर्ज गेलाय आणि शिफारस डॉ. कॉस्टिगनची आहे. ते त्याने सांगितलं नाही. त्याच्या बायकोने दारापर्यंत सोडायला येताना सांगितलं, आणि माझा हात धरून रडली. मी तिची समजूत काढली. तेवढंच मला जमतं.

काका, आता कृपा करून कोणालाही काही लिहू नका.

निशी


नागपूर
१४ मार्च २०२४

चि. निशिगंधास,

मी चुकलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कायद्याचे शब्द तोलले, आणि स्वतःचं पत्र टाकताना एक वाक्य तोललं नाही.

काकू दोन दिवस पाटीवर काहीच लिहीत नाहीये.

तू म्हणशील तेव्हाच लिहीन.

शिरीषकाका


सँट्री
९ फेब्रुवारी २०२५

ती. शिरीषकाकांस,
सा. न.

सुनावणी उद्या सकाळी दहाला सुरू होतेय. माझ्या सॉलिसिटरने आत्ताच फोन करून पक्कं सांगितलं. डॉ. कॉस्टिगन येणार नाहीत, ते निवृत्त झालेत आणि तब्येतीचं कारण देऊन व्हिडिओवरून बोलतील. उपेंद्रचं नाव साक्षीदारांत नाही. तुमच्या पत्राबद्दल मला विचारतील, मी खरं ते सांगेन. तुमच्यावर राग होता, आता नाही. दिवाळीला काकूने चकल्या पाठवल्या तेव्हाच लिहायला हवं होतं. खूप दिवस माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

आता आहे.

ऑर्लाची तक्रार माझ्या फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून होती. मी ती दर वेळी इंजेक्शनचा उल्लेख शोधत वाचली. डोस, वेळ, डोक्याचा मार, परवानगी कोणाची. गेल्या आठवड्यात ती पहिल्यांदा नीट वाचली. ऑर्ला इंजेक्शनबद्दल जवळजवळ काहीच म्हणत नाही. ती म्हणते, मी त्या डॉक्टरला विचारलं, आई वाचेल ना? धोका आहे का? डॉक्टर म्हणाली, "शी विल बी ग्रँड, आय प्रॉमिस यू." म्हणून मी भावाला फोन करून सांगितलं, धावपळ करू नको, सावकाश ये. तो कॉर्कहून सावकाश आला. आई शुद्धीत असताना त्याची भेट झाली नाही.

हे मी तुम्हाला कधी लिहिलं नाही. प्रसन्नलाही सांगितलं नाही.

मी ते म्हटलं होतं, काका. पडद्याजवळ ती माझा हात धरून उभी होती, आणि मला आत जायची घाई होती. तिचा हात बाजूला करायचा म्हणून म्हटलं. जसं कॉस्टिगननी मला म्हटलं, मॅचकडे वळायची घाई होती म्हणून.

मी सॉलिसिटरला विचारलं, यावर काय बोलायचं? ती म्हणाली, "तिथे तुम्ही दोघीच होता. तुझं मत चांगलं होण्याची शक्यता आहे, एवढंच तू म्हटलं असशील. नेमके शब्द आठवत नाहीत म्हटलंस तर ते खोटं पाडता येणार नाही." ती वाईट बाई नाही. तिचं काम करतेय. मग तिने आणखी सांगितलं, की कबूल केलंस तर धोका लपवून नातेवाइकांची फसवणूक केली असा निष्कर्ष निघेल, आणि मग कॉस्टिगन काय म्हणाले, काय नाही, याला फारसा अर्थ उरणार नाही. रजिस्ट्रेशन काही काळासाठी तरी जाईल. कायमचंही जाऊ शकेल.

घरी आले. दीड वर्ष मी एकाच माणसाची वाट बघत होते, की त्याने यावं आणि म्हणावं, हो, मी शब्द दिला, आता भांडण माझ्याशी. तो आला नाही म्हणून मी त्याला मनात काय काय म्हटलंय ते काकूच्या पाटीवरही लिहिण्यासारखं नाही. आणि एवढा सगळा काळ ऑर्ला डेलनी माझी वाट बघत होती.

काल रात्री जेवताना प्रसन्नला सांगितलं. तो म्हणाला, "नाही आठवत म्हण ना. एकदाच म्हण. रेवाची शाळा, हे घर... एवढंच म्हणायचंय, निशी." मी म्हटलं, "कॉस्टिगननीही एकदाच म्हटलं." त्याने ताटं उचलली. आज सकाळी माझा काळा कोट इस्त्री करून दाराला अडकवलेला होता. तो येतोय म्हणाला नाही, पण ऑफिसला सुट्टी टाकलीय.

उद्या पहिली साक्ष ऑर्लाची. तिचा भाऊ सोबत असेल. जेवणानंतर माझं नाव पुकारतील आणि तो प्रश्न येईल, सॉलिसिटरच्या मते पहिल्या पाच प्रश्नांतच. मी हो म्हणणार आहे.

निकाल बहुधा त्याच दिवशी लागणार नाही. एक-दोन दिवस लागतील. या पत्राचा फोटो आजच काकूच्या मोबाइलवर पाठवतेय, आणि निकालाचा फोनही तिलाच करेन. तिला सांगा, पाटी पुसून जवळ ठेव.

तुमची
निशी